मोटरहोम, कॅराव्हॅन आणि रोडसाइड असिस्टन्स : वाचकांचे प्रश्न

मोटरहोम (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) किंवा कॅराव्हॅन (कारमागे जोडायचे चाकांवरचे घर) घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्या वाचकांनी रोडसाइड असिस्टन्सच्या, म्हणजे वाटेत गाडी बंद पडल्यास मिळणाऱ्या मदतीच्या, कव्हरबद्दल विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. कोणत्याही एका कंपनीची शिफारस येथे केलेली नाही. एकाच कंपनीचा करार एका गाडीसाठी उत्तम आणि दुसरीसाठी जवळजवळ निरुपयोगी ठरू शकतो, असेच पुढील उत्तरांवरून दिसेल.

प्रश्न : आम्ही नुकतेच साडेनऊ मीटर लांबीचे, डिझेल इंजिनाचे मोटरहोम घेतले. विमा उतरवताना रोडसाइड असिस्टन्स पॉलिसीतच समाविष्ट असल्याचे एजंटने सांगितले. आमच्या कारला अशीच सोय अनेक वर्षे आहे आणि तिचा अनुभवही चांगला आहे. तरीही मोटरहोमसाठी स्वतंत्र कव्हर घेणे आवश्यक आहे का?

उत्तर : कारच्या चांगल्या अनुभवाचा या निर्णयात फारसा उपयोग होणार नाही, कारण कार उचलून नेणे आणि तुमची गाडी ओढून नेणे ही दोन निराळी कामे आहेत, ती करणारी वाहने निराळी असतात आणि बहुतेक वेळा माणसेही. कार बंद पडली की फ्लॅटबेड, म्हणजे सपाट तळाचा ट्रक, येतो, विंच (दोराने ओढणारे यंत्र) लावून कार वर घेतो, पट्ट्यांनी बांधतो आणि निघतो. तुमच्या गाडीची उंची छतावरील एसी धरून साडेतीन मीटरच्या आसपास असेल. फ्लॅटबेडचा तळ जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच असतो. ही बेरीज साडेचार मीटरवर जाते, आणि युरोपातील बहुतेक देशांत रस्त्यावरील वाहनाच्या उंचीची मर्यादा ४ मीटर, तर अमेरिकेतील अनेक राज्यांत ती ४.११ मीटर आहे. वजन पेलणारा फ्लॅटबेड मिळाला तरी त्यावर तुमचे मोटरहोम चढवून पुलांखालून नेता येणार नाही.

त्यामुळे येथे अवजड वाहने ओढणारा रेकर लागतो. तो पुढचा एक्सल खालून उचलतो आणि मागची चाके रस्त्यावरच फिरू देतो. यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मोटरहोमचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे गेलेला असतो, त्यामुळे पुढचा भाग प्रमाणाबाहेर उचलला तर शेपटाकडील बाजू, तिच्याखालील पाइप आणि टाक्या रस्त्याला घासतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना मागची चाके फिरत राहिली तर गिअरबॉक्स तेलाविना फिरतो व काही अंतरातच निकामी होऊ शकतो, म्हणून निघण्यापूर्वी ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सची शक्ती चाकांपर्यंत नेणारा दांडा) सोडवावा लागतो. आणि गाडीला एअर ब्रेक असतील तर हवेचा दाब उतरताच स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात. रेकरमधून हवेची नळी जोडून ते मोकळे केल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. हे सारे माहीत असलेला ऑपरेटर तुमच्यापर्यंत पोहोचणे, हा तुमच्या दृष्टीने कव्हरचा खरा अर्थ आहे.

आता विमा कंपनीकडे वळू. कव्हर विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांकडे स्वतःचे रेकर नसतात. त्यांच्याकडे कॉल सेंटर असते आणि ठिकठिकाणच्या टोइंग व्यावसायिकांशी केलेले करार असतात. प्रामुख्याने कारचा विमा उतरवणाऱ्या कंपनीने जोडलेल्या व्यावसायिकांत फ्लॅटबेडवाल्यांचाच भरणा असण्याची शक्यता अधिक. असे असेल तर तुमचा फोन उचलला जाईल, तक्रार नोंदवली जाईल, आणि मग ‘योग्य वाहनाचा शोध सुरू आहे’ हे उत्तर तुम्हाला बराच काळ ऐकावे लागेल.

म्हणून एजंटच्या शब्दावर न थांबता पॉलिसीतील तीन जागा स्वतः वाचा. पहिली म्हणजे ‘वाहन’ या शब्दाची व्याख्या, जिच्यात वजन, लांबी, रुंदी आणि उंचीच्या मर्यादा दडलेल्या असतात. युरोपातील अनेक करार ३,५०० किलोग्रॅमवर थांबतात, आणि तेथे रिकाम्या गाडीचे वजन धरत नाहीत. नोंदणीपत्रावरील, पूर्ण भारासह मान्य असलेले कमाल वजन धरतात. दुसरी जागा टोइंगच्या मर्यादेची. ती अंतरात आहे की रकमेत, हे पाहा. कारच्या टोइंगला पुरणारी रक्कम अवजड रेकरच्या पहिल्या तासातच संपू शकते, कारण त्याचे शुल्क अनेकदा त्याच्या आवारातून निघाल्यापासून आवारात परतेपर्यंत मोजले जाते. तिसरी जागा प्रतिपूर्तीची : कंपनी ऑपरेटरला थेट पैसे देते, की तुम्ही आधी भरून नंतर मागायचे असतात.

या तिन्ही ठिकाणी तुमच्या गाडीचे मॉडेल आणि वजन लिहून विमा कंपनीकडून लेखी होकार मिळाला तर स्वतंत्र कव्हरवर खर्च करण्याचे कारण नाही. तसा होकार मिळाला नाही तर मोटरहोमसाठीच आखलेले कव्हर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधी गाडीची कागदपत्रे मात्र एकदा चाळा. बहुतेक मोटरहोम एका कंपनीच्या चासीवर (इंजिन आणि चाकांसह गाडीचा सांगाडा) दुसऱ्या कंपनीने बांधलेली असतात. फियाट डुकाटो, मर्सिडीज स्प्रिंटर, फोर्ड ही चासीची नेहमीची नावे. चासी नवी असेल तर तिच्या उत्पादकाची वॉरंटीच्या काळातील मदत तुमच्याकडे आधीच असू शकते. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे विम्यातील रोडसाइड मदत वापरल्यास तिची नोंद दाव्यांच्या इतिहासात होते का, हेही विमा कंपनीला विचारून घ्या. काही ठिकाणी ती होते, आणि मग बॅटरीला जंप-स्टार्ट देण्याइतक्या किरकोळ मदतीचीही पुढच्या हप्त्याच्या वेळी दखल घेतली जाऊ शकते.

प्रश्न : एका कव्हरमध्ये ‘अमर्याद अंतर टोइंग’ आहे, तर दुसऱ्यात १६० किलोमीटरची मर्यादा आहे. दोघांच्या वार्षिक शुल्कात फार फरक नाही. अशा स्थितीत पहिले कव्हर घेणे उघडच शहाणपणाचे नाही का?

उत्तर : उघड वाटते, पण ‘अमर्याद’ या शब्दानंतरचे वाक्य वाचल्याशिवाय तसे म्हणता येत नाही. अशा करारांत बहुधा असे लिहिलेले असते की गाडी ‘दुरुस्ती करू शकणाऱ्या सर्वांत जवळच्या केंद्रापर्यंत’ नेली जाईल, मग ते कितीही दूर असो. अंतराला मर्यादा नाही, पण ठिकाण निवडण्याचा अधिकार तुमच्याकडे राहत नाही. १६० किलोमीटरच्या करारात याच्या उलट घडू शकते : त्या अंतरात तुम्ही सांगाल त्या गॅरेजपर्यंत गाडी नेतात, आणि पुढच्या अंतराचे पैसे तुम्ही भरता. दोन्ही प्रकार प्रामाणिक आहेत. ते निरनिराळ्या प्रवाशांच्या उपयोगाचे आहेत, इतकेच. वस्ती विरळ असलेल्या प्रदेशातून जाणाऱ्याला पहिला प्रकार तारतो. ज्याचा बहुतेक प्रवास शहरांच्या आसपास होतो आणि ज्याचा एका ठरावीक मेकॅनिकवर विश्वास आहे, त्याला दुसरा प्रकार अधिक सोयीचा.

पहिल्या प्रकारात कसोटी लागते ती ‘करू शकणाऱ्या’ या शब्दांची. इंजिन दुरुस्त करणारे केंद्र नऊ-दहा टनांची गाडी आत घेऊ शकते का? त्याच्या दाराची उंची पुरेशी आहे का, जमिनीखालील खड्डा किंवा लिफ्ट त्या वजनाची आहे का? शनिवारी संध्याकाळी बंद असलेले केंद्र जवळचे म्हणून धरायचे की नाही? बिघाड चासीत नसून घराच्या भागात असेल, तर ट्रकचे गॅरेज ‘दुरुस्ती करू शकणारे’ ठरते का? याची उत्तरे करारातील व्याख्यांत नसतील तर ती खरेदीपूर्वी ईमेलने मागवा आणि आलेले उत्तर जपून ठेवा. विक्री विभाग उत्साहाने बोलतो. मदत विभाग करारात लिहिलेले तेवढेच पाळतो.

दुसऱ्या टोइंगचीही चौकशी करा. रात्री रेकर गाडी स्वतःच्या आवारात नेऊन ठेवतो आणि सकाळी ती गॅरेजमध्ये न्यावी लागते, असे वारंवार घडते. ही दुसरी फेरी त्याच घटनेत धरली जाते, की तिला वर्षाकाठच्या मदतींच्या संख्येतून वजा करतात? आवारात गाडी ठेवण्याचे भाडे कोणाकडे? माझ्या मते जाहिरातीतल्या किलोमीटरच्या आकड्यापेक्षा या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अधिक पैसे वाचतात किंवा जातात.

प्रश्न : आम्ही कारच्या मागे कॅराव्हॅन जोडून फिरतो. कारचे कव्हर आहे. कॅराव्हॅनसाठी वेगळे काही घ्यावे लागते का?

उत्तर : हे तुमच्या कारच्या करारात ट्रेलरविषयी काय लिहिले आहे त्यावर अवलंबून आहे, आणि तेथे दोन निराळे प्रसंग वेगवेगळे तपासावे लागतात. कार बंद पडली, कॅराव्हॅन धडधाकट आहे, हा पहिला. येथे बरेच करार कॅराव्हॅनला सोबत नेतात, मात्र तिची लांबी व वजन मर्यादेत असेल आणि टोइंगचा गोळा व कपलिंग नेहमीच्या मापाचे असेल तर. कार ठणठणीत आहे पण कॅराव्हॅनचे बेअरिंग जळाले किंवा एक्सल वाकला, हा दुसरा. आणि नेमक्या याच प्रसंगी अनेकांना धक्का बसतो, कारण कराराने संरक्षण कारला दिलेले असते आणि कार तर चालू असते.

करार वाहनाच्या नावे आहे की व्यक्तीच्या नावे, हेही पाहा. व्यक्तीच्या नावे असलेल्या सदस्यत्वात तुम्ही चालवत असलेली दुसरी गाडीही येते, पण मोटरहोम आणि ट्रेलर बहुधा वाढीव शुल्क भरल्यावरच येतात. फिफ्थ व्हील प्रकारचा ट्रेलर असेल तर आणखी एक अडचण आहे : त्याची जोडणी पिकअपच्या हौद्यातील कपलिंगवर होते, त्यामुळे तो ओढण्यासाठी तशीच जोडणी असलेले वाहन लागते. फोन केल्यावर हे पहिल्याच वाक्यात सांगितले नाही तर चुकीचा रेकर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून वाट पाहावी लागते.

प्रश्न : टायर फुटल्यास मदत मिळेल, असे प्रत्येक कव्हरमध्ये लिहिलेले असते. मग यात निवडण्यासारखे काय आहे?

उत्तर : ‘टायरसाठी मदत’ याचा अर्थ बहुतेक करारांत तुमचाच स्टेपनी टायर बसवून देणे, एवढाच असतो. अनेक मोठ्या मोटरहोममध्ये स्टेपनी नसतोच. असलाच तरी तो गाडीखालील चौकटीत वर्षानुवर्षे अडकून राहिलेला असतो. अशा वेळी करार तुम्हाला गाडी ओढून नेण्याची सोय देतो, की नवा टायर जागेवर आणून बसवण्याची, हे विचारा. टायरची किंमत जवळजवळ नेहमीच तुमची असते. आणून देण्याचा आणि बसवण्याचा खर्च कोणाचा, यावरून करार वेगळे होतात.

मदतीला येणाऱ्याकडे कोणती साधने आहेत, हाही भाग आहे. कारच्या चाकाचे नट साधारणपणे १०० ते १५० न्यूटन-मीटर टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळतात. मोठ्या मोटरहोमच्या २२.५ इंची चाकांचे नट ६०० न्यूटन-मीटरहून अधिक टॉर्कने आवळलेले असतात. कारचा पाना आणि कारचा जॅक घेऊन आलेला मुलगा कितीही तत्पर असला तरी तेथे काही करू शकणार नाही. मागे जोडचाके असतील आणि आतला टायर बसला असेल तर काम आणखी वाढते. म्हणून फोनवर ‘टायर फुटला’ एवढेच न सांगता चाकाचा व्यास, टायरच्या बाजूवर छापलेले पूर्ण माप आणि तो नेमका कोणत्या जागेचा आहे हे सांगावे.

विषयाला थोडे सोडून, पण पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचे : मोटरहोमचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात, कारण गाडी वर्षातला बराच काळ एका जागी उन्हात उभी असते. खोलवर नक्षी पाहून ते नवे वाटतात. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर बदल, असा सल्ला टायर उत्पादक देतात. काही करार देखभालीअभावी झालेल्या बिघाडाला मदत नाकारतात, तेव्हा हे अंक आजच पाहून घ्या.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघे आणि आमचा कुत्रा बाराही महिने मोटरहोममध्येच राहतो. गाडी गॅरेजमध्ये गेली तर राहण्याचा खर्च कव्हरमधून मिळतो का?

उत्तर : पुष्कळ करारांत ‘प्रवासात खंड’ या नावाखाली निवास, जेवण आणि पर्यायी वाहनाचा खर्च ठरावीक रकमेपर्यंत मिळतो. पण त्याला सहसा अट असते की बिघाड तुमच्या घरापासून ठरावीक अंतरापलीकडे झालेला असावा. तुमचे घर तर गाडीच आहे. कंपनी अशा वेळी नोंदणीचा किंवा टपालाचा पत्ता घर म्हणून धरते, आणि त्या पत्त्याच्या जवळपास तुम्ही मुक्कामाला असाल तर तुमचा दावा फेटाळला जाऊ शकतो. त्याहून गंभीर म्हणजे काही करार गाडीत कायम वास्तव्य करणाऱ्यांना मुळातच वगळतात. अर्जात ही गोष्ट स्पष्ट लिहा. लपवून घेतलेले कव्हर पहिल्या मोठ्या दाव्यातच कोलमडते.

काही करारांत हा लाभ अपघातानंतरच मिळतो, यांत्रिक बिघाडानंतर नाही. बिघाडामुळेच तुम्ही बेघर होण्याची शक्यता जास्त असल्याने हा फरक तुम्हाला इतरांपेक्षा अधिक भोवेल. कुत्र्याविषयी स्वतंत्र विचारा. रेकरच्या केबिनमध्ये दोन प्रवासी आणि एक प्राणी यांना जागा असेलच असे नाही, आणि गाडी ओढली जात असताना आत कोणालाही बसू देत नाहीत.

बाहेर सरकणारी खोली आत येईनाशी झाली किंवा गाडी समतल ठेवणारे जॅक वर येईनात, तर गाडी कायद्याने आणि व्यवहारानेही हलवता येत नाही. इंजिन व्यवस्थित असल्याने साधे करार याला बिघाड मानत नाहीत. मोटरहोमसाठी आखलेल्या काही करारांत फोनवर तंत्रज्ञाचे मार्गदर्शन किंवा फिरता मेकॅनिक पाठवण्याची सोय असते. मेकॅनिकच्या येण्याचा खर्च कंपनीचा आणि मजुरी तुमची, अशी विभागणी नेहमीची आहे. तुमच्यासारख्यांनी ही सोय असलेलेच कव्हर घ्यावे.

प्रश्न : मी जुनी मालवाहू व्हॅन स्वतः बदलून राहण्याजोगी केली आहे. जंगलातल्या आणि समुद्राकाठच्या कच्च्या वाटांवर मुक्काम करतो. काय पाहावे?

उत्तर : दोनच गोष्टी. नोंदणीपत्रात गाडी अजून मालवाहू म्हणून असेल तर मोटरहोमचे कव्हर लागू न होण्याची शक्यता आहे, आणि करारात गाडीच्या वयाची मर्यादा असू शकते. दुसरे म्हणजे रुतलेली गाडी विंचने बाहेर काढण्याची मदत देखभाल होत असलेल्या रस्त्यापासून ठरावीक अंतरापर्यंतच मिळते. वाळू, ओढ्याचे पात्र आणि शेत बहुतेक करारांत वगळलेले असते. तुमच्या मुक्कामांचे स्वरूप पाहता महागड्या कव्हरपेक्षा साधे कव्हर, एक फावडे, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्या आणि मजबूत टो-दोर यांवर खर्च केलेला बरा.

प्रश्न : महामार्गावर गाडी बंद पडली आणि आमच्या कंपनीचा रेकर येण्याआधीच पोलिसांनी दुसरा बोलावला, तर त्याचे पैसे कोणी द्यायचे?

उत्तर : पोलिसांनी किंवा महामार्ग व्यवस्थापनाने आदेश दिल्यावर गाडी हलवू न देण्याचा अधिकार तुम्हाला नसतो. काही ठिकाणी तर तुमच्या कंपनीचा रेकर तेथे येऊच शकत नाही. फ्रान्सच्या द्रुतगती महामार्गांवर तेथील नेमलेल्या व्यावसायिकालाच गाडी बाहेर काढण्याची परवानगी आहे. त्याला रस्त्याकडेच्या नारिंगी फोनवरून बोलावतात आणि खर्च नंतर आपल्या कंपनीकडे मागतात. करारात अशा सक्तीच्या टोइंगची प्रतिपूर्ती आहे का आणि तिची कमाल रक्कम किती, हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

प्रत्यक्ष प्रसंगी आधी सर्वांनी गाडीबाहेर पडून संरक्षक कठड्यापलीकडे उभे राहावे आणि तेथूनच कंपनीला फोन करावा. जागा सांगताना अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर चार अंकांपर्यंत द्यावेत, त्याने जागा सुमारे अकरा मीटरच्या आत कळते. जाण्याची दिशाही सांगावी, नाहीतर रेकर दुभाजकाच्या पलीकडे येऊन उभा राहतो. दुसरा रेकर बोलावला गेल्याचे त्याच फोनवर कळवून मंजुरी क्रमांक मागावा. मंजुरी न घेता भरलेले पैसे परत न देण्याचे कलम अनेक करारांत असते. रेकरवाल्याकडून घेतलेल्या पावतीवर गाडीचा क्रमांक, उचलल्याचे आणि सोडल्याचे ठिकाण, अंतर आणि कामाचे तास वेगवेगळे लिहून घ्यावेत. केवळ एकूण रक्कम लिहिलेली पावती परत येते, आणि दावा दाखल करण्याची मुदत काही करारांत तीस दिवसांइतकी कमी असते.